इरीकभाऊचा निरोप

“आला का रे त्याचा निरोप?”

मेथीची जुडी बांधता बांधता जनकाबाईंनी विचारलं. गोकुळ ओसरीवर बसला होता. मांडीवर लॅपटॉप होता. तो त्याच्या बहिणीचा, निशिगंधाचा. दिवाळीनंतर डेंगीच्या तापात ती गेली.

“आला.”

“वाच मंग. सारं वाच, गाळू नोको.”

गोकुळ इंग्रजी वाचायचा आणि आईला आपल्या बोलीत सांगायचा. “तो म्हणते, निशिगंधा, काम चांगलं झालं. फक्त या तुकड्याचं नाव बदल. नव्या माणसाले समजन असं ठेव.”

जनकाबाईंचे हात थांबले. “तिले निशिगंधा म्हणते तो?”

“हाव. पुरं नाव घेते.”

“शहाणा आहे इरीकभाऊ,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी पुढची जुडी घेतली.

हा एरिक फिनलंडचा. निशिगंधानेही त्याला कधी पाहिलं नव्हतं. माणसांनी लिहिलेले प्रोग्राम यंत्राला समजतील असे करून देणारा एक कंपायलर होता. तो कुणा एका कंपनीचा नव्हता. देशोदेशीची माणसं त्यातल्या चुका शोधत, दुरुस्त करत आणि एकमेकांकडून तपासून घेत. निशिगंधा डोणगावात घरूनच नोकरी करायची, पण सकाळचा पहिला तास या कामाचा. जनकाबाई तिला हसायच्या.

“लोकाच्या वावरात फुकट निंदणी करतं काय व पोरी?”

“लोकाचं कायचं, आई? साऱ्यायचं वावर आहे ते. आपलंबी.”

तिने हातात घेतलेली शेवटची चूक तशी लहानच होती. प्रोग्राममध्ये काही चुकलं की कंपायलर त्या जागेखाली एक खूण दाखवायचा. पण ओळीत मराठी मजकूर आला की तो काना-मात्रा वेगळ्या मोजायचा आणि खूण भलतीकडेच सरकायची. निशिगंधाने दुरुस्ती करून एरिककडे तपासायला पाठवली आणि त्याच संध्याकाळी तिला ताप भरला.

तेरवी झाल्यावर गोकुळने लॅपटॉप उघडला. एरिकने लिहिलं होतं, “निशिगंधा, बरी आहेस ना? तुझी वाट पाहतो आहे.” उत्तर आलं नाही तर असं काम काही दिवसांनी बंद करून टाकायची तिथली रीत होती. गोकुळ खरं ते कळवायला निघाला. जनकाबाईंनी त्याचा हात धरला.

“त्याले सांगू नोको. तू कर पुरं.”

गोकुळला वाटलं, पोरीचं शेवटचं काम वाया जाऊ नये असं आईला वाटतं. त्याचं बसस्टँडजवळ ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान होतं. कॉम्प्युटरचं कॉलेज त्याने अर्ध्यात सोडलेलं. बहिणीचं जुनं काम वाचून वाचून तो शिकला. मग तिच्याच नावाने उत्तरं देऊ लागला. एरिक कधी म्हणे, आणखी एक चाचणी जोड. कधी म्हणे, इथली जागा जास्त सुटली आहे. उर्दू मजकुरावर ती दुरुस्ती चालेना, तेव्हा तर सारं परत मांडावं लागलं. गोकुळ वैतागायचा.

“किती खोड्या काढते हा बुवा!”

“काढू दे,” जनकाबाई म्हणायच्या. “त्याचं काय चुकलं?” आणि न मागता चहा ठेवायच्या.

घरात एरवी बोलणं कमीच झालं होतं. मोठ्या जाऊबाई पुष्पाबाईंनी तेरवीलाच बजावलं होतं, “आता तिचं नाव घेऊ नोको, जनका. जीव अटकते पोरीचा.” गावानेही ते पाळलं. विहिरीवर, मळ्यात, बाजारात, जनकाबाई आल्या की बाया मिरचीच्या भावाचं बोलू लागत.

नाव बदलायचा निरोप आला त्या दिवशी गोकुळने दुकान उघडलंच नाही. एरिकने सांगितलेलं नाव बदललं. एवढ्यावर तो थांबला नाही. पहिल्यापासून सगळं तपासलं. एरिक पुढे काय विचारेल, तेही ओळखून आधीच नीट केलं. या अडकलेल्या कामातून आईची आता सुटका करायची, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. तो पेढे घेऊन धावतच मळ्यात गेला. जनकाबाई मेथी उपटत होत्या.

“आई! झालं! घेतलं त्यायनं!”

त्या उभ्या राहिल्या. “काय घेतलं?”

“ताईचं काम! एरिक म्हणते, निशिगंधा, आता यात काहीच राह्यलं नाही. एकबी खोडी नाही काढता आली त्याले! आता साऱ्या दुनियेत जाईन ते.”

जनकाबाईंनी मातीचे हात लुगड्याला पुसले. त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. “लय केलं रे बापा तू,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “मंग उद्या काय इचारन तो तिले?”

“आता काऊन इचारन? काम झालं ना.”

“परवा?”

“आई, संपलं ते. तपासाचं काही राह्यलंच नाही.”

जनकाबाई बांधावर बसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आनंदाचं असेल, असं गोकुळला वाटलं. त्याने पेढा त्यांच्या हातावर ठेवला. त्या पेढ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या.

“एखांदी चूक राहू द्याची होती ना, बाबू.”