वर्षभराचं काम

रोमुलो आर्सेनं करारनामा टेबलावरून पुढे सरकवला आणि त्यावर आपलं पेन आडवं ठेवलं. "वर्षभर, आमच्या मासिकात दर महिन्याला एक लेख. विषय तुमचे, शब्द तुमचे. एखादं वाक्य कापायचं झालं तरी आधी तुम्हाला फोन करीन."

निल्दा किरोगानं कागद दोनदा वाचला. बारा वर्षं ती कुणाच्याच नोकरीत नव्हती. औषधांची पत्रकं, पुढाऱ्यांची भाषणं, लग्नातली मनोगतं लिहून पोट भरायचं आणि उरलेल्या वेळात स्वतःचं लिहायचं. असा कागद तिच्यापुढे कधी आला नव्हता. कुठे खोट सापडत नव्हती. तेच तिला खटकत होतं.

ओरुरोच्या बाजारातली ही टपरी सकाळी भरलेली असते. टपरीवाल्या एमेतेरियानं जांभळ्या मक्याचं कढत आपी दोघांपुढे कधीच आणून ठेवलं होतं. रोमुलोनं पेल्याला हातही लावला नव्हता.

"साहेब, निवलं की साय धरते त्यावर," एमेतेरिया म्हणाली. "मग आमचं आपी बेचव म्हणत फिराल गावभर."

तो नुसता हसला आणि निल्दाकडे वळला. "खाणीवरचा तुमचा लेख मी तीनदा वाचला. पहिल्या महिन्यात त्याचाच पुढचा भाग घेऊ. ती बाई, जिनं तुम्हाला विहिरींच्या तपासणीचे कागद दिले..."

"लेखात आणखीही बरंच होतं. काळं पडलेलं पाणी, मेलेली मेंढरं."

"होतं ना. छानच होतं." मेंढरांबद्दल त्याला काही विचारायचं नव्हतं. "फक्त सहीच्या आधी त्या बाईंची एकदा भेट घालून द्या. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीची खातरजमा करतात. उद्या कुणी तुम्हाला कोर्टात खेचलं, तर पाठीशी उभं राहता यायला हवं."

म्हणणं रास्त होतं. चांगली मासिकं खातरजमा करतातच. आपल्या लेखांची कुणी करत नाही म्हणून कुरकुरायची ती निल्दाच. पण त्यानं दाखवलेला मासिकाचा अंक पहिलाच होता आणि त्यात एकही जाहिरात नव्हती. की आपणच उगाच संशय घेतोय? बारा वर्षांत इतक्यांनी टोप्या घातल्या होत्या, की आता कुणी मायेनं डोक्यावर हात ठेवला तरी तिला टोपीच वाटायची.

"नाव कुठे येणार नाही, असा शब्द दिलाय मी त्यांना."

"छापायचंय कुणाला? मला एकट्याला सांगा."

निल्दानं पेन उचललं, टोपण काढलं. सहीच्या जागेकडे बघतच ती म्हणाली, "त्या वारल्या. गेल्या महिन्यात."

खोटं इतकं सहज तोंडून निघालं, की ती स्वतःच दचकली. मग तिनं मान वर करून त्याचा चेहरा पाहिला. तो हळहळला असता, नाहीतर आता लेखाचं काय म्हणून वैतागला असता, तरी तिनं तिथल्या तिथे माफी मागून खरं सांगून टाकलं असतं.

रोमुलोनं खिशातून छोटी वही आणि पेन्सिल काढली.

"पुरलं कुठे?"

"त्याचं काय करायचंय लेखात?"

"थडग्यावर नाव असेल ना," तो शांतपणे म्हणाला. "घरची माणसंही येत असतील, फुलं वाहायला."

निल्दानं पेनाला टोपण लावलं आणि ते होतं तसं करारनाम्यावर आडवं ठेवून दिलं. समोर रोमुलो वहीच्या कोऱ्या पानावर पेन्सिल टेकवून वाट पाहत होता.