टेबलावरचा नवा डबा

डोळे मिटा आणि एक टेबल नजरेसमोर आणा. फोटो स्टुडिओतलं. मागे निळा पडदा, बाजूला आरसा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. टेबलावर मोठा स्क्रीन, आणि त्याच्या शेजारी कालच दुकानातून आलेला काळा, चकचकीत संगणकाचा डबा. टेबलाखाली, पाय ठेवायच्या जागेत, आणखी एक डबा. जुना, पिवळट, आणि त्यावर मुटकुळी करून झोपलेला बोका. दिसलं सगळं? मग आता बाबांचा आवाज ऐका.

"हा जुना खोका भंगारात. रविवारी मामा येतोय, त्याच्या गाडीवर घालून देतो."

"खोका नाही म्हणायचं त्याला," टेबलाखालून खारू म्हणाली.

दिसेल ती वस्तू उघडून, उचकटून बघायची सवय, म्हणून घरात सगळे तिला खारूताई म्हणत. घाईत असले की नुसतंच खारू. मोठी बहीण नोकरीसाठी दूर गेली, तेव्हा हा डबा तिने खारूला देऊन टाकला होता, आत लिनक्स नावाची फुकटातली प्रणाली घालून. खारू त्यावर हलणारी चित्रं काढायची. तिचा हत्ती आत्ता कुठे चार पावलं टाकायला लागला होता.

"लिनक्सवर होतं काय?" बाबा म्हणाले. "काळ्या पडद्यावर टकटक करत बसायचं. आपल्याला इथे धंदा करायचाय, बाई!"

"तुमच्या नव्या डब्याला जे जे येईल, ते ते माझ्या डब्याला आलं तर?"

बाबांना हसू आलं. "तर राहू दे. पण एक जरी काम अडलं, तर रविवारी तो गेला. भोकाड पसरायचं नाही."

"नाही पसरणार. द्या टाळी."

बाबांची कंबर वाकायला तयार नसायची, म्हणून वायरी जोडायला खारूच आत शिरली. बाहेर आली ती केसांत जळमटं घेऊन. स्क्रीन लख्ख उजळला होता. बाबांनी लगेच आईने शिवलेलं फुलाफुलांचं पायघोळ झाकण नव्या डब्यावर चढवलं. धूळ नको बसायला.

"बाबा, झाकण घातलं की यंत्र तापतं."

"तुझं तापत असेल."

मग रोज सकाळी बाबांची हाक आली, "खारू, चालू कर गं!" की खारू टेबलाखाली जायची आणि काम सुरू व्हायचं.

"फोटो कापायचं कुठे गेलं यात?"

"हे बघा. तोंडात ब्रश धरलेला प्राणी दिसतोय ना? त्यावर टिचकी मारा."

"नव्याचं सगळंच नवं," बाबा पुटपुटले. पण दोन दिवसांत हात बसला. शाळेच्या गटफोटोत सगळी पोरं डोळे उघडे ठेवून शहाण्यासारखी बसलेली, आणि नेमक्या मुख्याध्यापिकाबाईंचेच डोळे मिटलेले! बाबांनी दुसऱ्या फोटोतले डोळे उचलून तिथे असे बेमालूम बसवले, की बाईच म्हणाल्या, "माझे डोळे इतके सुंदर आहेत?" ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी दिवसभर गाणी वाजत. संध्याकाळी स्टुडिओचा दरवाजा ओढून घेतला, की बाबा स्क्रीनवरच्या नारिंगी शंकूच्या चित्रावर टिचकी मारत आणि सिनेमा सुरू होई. आई तर एकदा हसता हसता स्टुलावरून पडायचीच बाकी राहिली होती.

"म्हणे तापतं!" बाबांनी झाकणाखाली हात घातला. "ये, हात लावून बघ. थंडगार!"

खारूने हात लावला. "हो. थंडगार आहे खरा."

"आणि तुझा बघ, बोक्याची गादी झालाय नुसता. जागचा हलत नाही पठ्ठ्या."

शनिवारी मात्र बाबांनाच राहवेना. पोरगी काही तयारीच करत नव्हती. उद्या हरली, की उशीत तोंड खुपसून बसणार, आणि मग समजूत घालता घालता आपल्याच नाकी नऊ येणार.

"अगं, तुझ्या डब्याकडून थोडा सराव तरी करून घे."

"चाललाय त्याचा," खारू म्हणाली आणि बोक्याच्या कानामागे खाजवत राहिली.

रविवारी मामा दोरी घेऊनच आला. बाबांनी त्याला समोर बसवलं आणि एकेक करामत दाखवली. बाईंचे डोळे दाखवले. सिनेमा लावला. शेवटी गाणं लावलं आणि हात झटकले.

"दाजी, वस्तू एक नंबर घेतलीत!" मामा म्हणाला. "खारूताई, तुझं काही खरं नाही."

"हे सगळं माझ्या डब्याला आलं, तर तो राहणार ना?"

"शब्द म्हणजे शब्द," बाबा म्हणाले.

"मामासमोर?"

"मामासमोर. तो राहील आणि वर त्याला पुसून चकचकीतही करीन मी स्वतः. चल, कर चालू तुझा डबा."

गाणं वाजतच होतं. खारू आज टेबलाखाली गेली नाही. तिने नव्या डब्यावरचं फुलाफुलांचं झाकण उचललं, मागे हात घालून तिथे पडलेली त्याची विजेची वायर बाहेर काढली आणि बाबांच्या हातात ठेवली. दुकानातून आली होती तशीच, गुंडाळी करून चापाने बांधलेली.