सरासरी वजन

"एकशे वीस किलो उतरवा, नाहीतर मी इंजिन सुरू करत नाही," पायलट म्हणाला, आणि जळगावच्या विमानतळावर सकाळपासून ताटकळलेले प्रवासी एकमेकांच्या पोटाकडे बघायला लागले. बाहेर पारा चव्वेचाळीसवर होता. एवढ्या तापलेल्या हवेत लहान विमानाला जोर मिळत नाही, भार कमी करावाच लागतो.

सकाळी सातला ही भानगड नव्हती. हवा गार होती, विमान उभं होतं, पायलट तयार होता. पण कंपनी पडली सरकारी, आणि कंपनीचे संचालक नानासाहेब यांना आधी दोंडाईच्याला एका लग्नात अक्षता टाकायच्या होत्या. मग काय, विमान थांबलं. नानासाहेब अक्षता टाकून, पंगतीत दोनदा मठ्ठा मागून पावणेएकला उगवले. नऊ वर्षांपूर्वी खान्देशाला आकाश दाखवतो म्हणून ही कंपनी निघाली, तेव्हा तिच्याकडे तीन विमानं होती. एक मंत्र्यांच्या दौऱ्यांना दिलं ते परत आलंच नाही. दुसऱ्याचे पार्ट काढून काढून तिसरं चालवतात. संचालक मात्र तिनाचे अकरा झाले.

सादियाला पाचच्या आत मुंबईत पोचायचं होतं. सरकारी दवाखान्यात नर्सची जागा होती. मूळ कागदपत्रं घेऊन उद्या पाचपर्यंत हजर राहा, नाहीतर नाव यादीतून काढू, असा मेसेज आदल्या संध्याकाळी आला होता. पुढच्या महिन्यात तिचं वय भरतीच्या अटीबाहेर जाणार होतं, म्हणजे ही शेवटचीच संधी. फाईल मांडीवर धरून ती सहापासून बसली होती. सोडायला आलेला तिचा बाप अन्वर आतच थांबला होता, त्याला तिथे कोणी अडवत नसे. केळीच्या व्यापाऱ्यांचे वजनकाटे तो दुरुस्त करायचा, आणि विमानतळावरचा सामानाचा काटाही त्याच्याच हाताखालचा.

कंपनीच्या इथल्या मॅनेजरने कोणाचं वजन वगैरे केलं नाही. त्याच्या मागे भिंतीवर मुख्य कार्यालयाचं परिपत्रक होतं. एक प्रवासी म्हणजे पंच्याहत्तर किलो. दोन उतरवले की दीडशे झाले, विषय संपला. त्याने यादीवरून बोट फिरवलं आणि ज्यांच्यासाठी कोणाचाही फोन येणार नाही अशा दोघी बरोबर हेरल्या. एक सादिया. दुसरी झुंबरबाई, धुळ्याहून मुलाकडे निघालेली सत्तरीची म्हातारी. सादियाने त्याला मेसेज दाखवला. त्याने तो वाचलासुद्धा नाही, पुढच्या आठवड्यात खिडकीजवळची जागा देतो म्हणाला. नोकरीला लागताना लोक मूळ दाखले जमा करतात, या माणसाने लाजही तिथेच जमा केली असावी.

अन्वरने वाद घातला नाही. पोरीला हाताला धरून त्याने सामानाच्या काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्याने वाचला. चव्वेचाळीस. झुंबरबाई बघत होती. पदर खोचून तीही उठली.

"भाऊ, माले बी जोख."

अडतीस.

मॅनेजरने पुढे केलेल्या, भार उतरवल्याच्या कागदावर सही करायला पायलटने पेन काढलं होतं. अन्वर त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, दोघींचे मिळून ब्याऐंशी झाले. तुम्ही एकशे वीस मागितले होते. उरलेले अडतीस जास्तीचे घेऊन उडणार का?"

पायलटचा हात थांबला. हा काटा बॅगांचा आहे, माणसांचा नाही, असं मॅनेजर तावातावाने सांगत होता. पायलटने फक्त एवढंच विचारलं की काटा बरोबर आहे का. अन्वरने त्यावरचा तपासणीचा शिक्का दाखवला. मग सगळ्यांनाच जोखा, पायलट म्हणाला.

रांग लागली. बियाण्यांचे दुकानदार, एक वकील, नवं जोडपं, सगळे एकेक करून चढले आणि उतरले. कोणी सत्तर भरलं, कोणी ऐंशी. शेवटी फक्त नानासाहेब उरले. ते कूलरसमोर दोन खुर्च्या अडवून बसले होते आणि तरीही तिकिटाऐवजी मिळालेल्या पासने वारा घेत होते.

"नाना, या," अन्वर म्हणाला.

नाना हसले. ते हसले म्हणून मॅनेजरही हसला.

"माझं वजन अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे."

"जिल्ह्याला माहीत आहे, नाना. विमानाला नाही."

पायलटने पेन खिशाला लावलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. नानांनी मॅनेजरकडे बघितलं, मॅनेजरने परिपत्रकाकडे. सोडवायला कोणी येईना, तेव्हा नाना उठले. आधी त्यांनी घड्याळ काढलं. मग तीन अंगठ्या. मग दोन मोबाईल असलेलं जाकीट. मग चपला. आयुष्यभर वजन वाढवत आलेला हा माणूस आता ग्रॅम ग्रॅम कमी करत होता, आणि सगळं कमी करून झाल्यावर तो काट्यावर चढला.

आकडा थोडा हलला आणि स्थिर झाला. एकशे एकवीस.

सादियाने फाईल काखेत घेतली आणि झुंबरबाईचा हात धरला. केळीच्या वखारीत पुकारतात तशा आवाजात अन्वर म्हणाला, "एकशे वीस मागितले होते ना साहेब? किलोभर जास्तच भरलंय."