धरलेली जागा

धाकटा गोपाल कोरियात नोकरीला लागला, तेव्हापासून पार्वताबाईंच्या तोंडी दुसरं नाव नव्हतं. अकोल्यात त्यांचं पथ्यपाणी, औषधं, दवाखाना सगळं थोरला गजेंद्र करायचा. कौतुक मात्र फोनमधल्याचं. गजेंद्रचा जळफळाट व्हायचा, आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती.

त्या दुपारी गोपालने व्हिडिओ कॉल लावला. गजेंद्रने शेजारी बसलेल्या आईला दिसेल असा फोन धरला. तिथे संध्याकाळ झाली होती. मागे जुनाट बेसबॉल स्टेडियम, रंग उडालेल्या खुर्च्या, आणि हजारो माणसं एका सुरात गात होती.

"दादा, पाह्य, तुह्यासाठी जागा धरली!" गोपालने शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर रुमाल टाकला.

"एसटी हाय का थे, रुमाल टाकाले?" गजेंद्र फणकारला. पण नजर त्या खुर्चीवरून हलेना. तिथे आपण असायला हवं होतं. आपणच.

गाणं एकदम थांबलं. स्टेडियम भरलेलंच होतं, पण कोणी हूं की चूं करेना.

खुर्चीवर कोणीतरी बसलं होतं. रुमाल त्याच्या हातात होता. अंगात गजेंद्रचा चौकड्यांचा सदरा, कपाळावर गजेंद्रचीच खोक. गोपालने त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"आई, दादा आला पाह्य."

पार्वताबाईंचा चेहरा उजळला. अशा नजरेने त्यांनी गजेंद्रकडे कधीच पाहिलं नव्हतं. "पोचला माहा गजू! जेवला का बापा?"

"आई, मी इथंच हावो!" गजेंद्रने त्यांचं मनगट धरलं.

पार्वताबाईंनी दचकून हात सोडवला, डोक्यावर पदर घेतला आणि परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "कोन पायजे जी तुमाले?"