थोरल्या इंजिनाचा मान

धाकट्या इंजिनानं थोरल्या इंजिनाला मागं टाकलं आणि टेस्ट रूमवर कुणीतरी गेल्यासारखी कळा पसरली.

मालकांनी पडद्यावरचा आकडा पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. चष्म्याचा काही दोष नव्हता. छोट्या गाडीसाठी त्यांनी एकाच घराण्यातली दोन इंजिनं बनवायला घेतली होती. दोघांनाही चार सिलिंडर, बोल्टांच्या जागाही त्याच. एकाचा भाग दुसऱ्याला बिनतक्रार बसावा, म्हणून तर घराणं. थोरलं त्यांच्या थोरल्या मुलाकडे होतं, धाकटं धाकट्या मुलीकडे. आता सोळाशे सीसीचं थोरलं ऐंशी हॉर्सपॉवरवर धापा टाकत होतं आणि बाराशेचं धाकटं नव्वदवर पोहोचून गुणगुणत होतं.

"हे बरं दिसत नाही," मालक म्हणाले.

"उद्या डिझाइनवर सही व्हायचीय, बाबा," मुलगी म्हणाली. "आहे तसंच गाडीत जाऊ दे."

"थोरलं समोर असताना धाकट्यानं एवढं तोंड उघडायचं नसतं."

"बाबा, ते इंजिन आहे."

"म्हणून काय वळण नको?"

वळण लावायचं ठरलं. हवा आत जाते त्या नळीत भोकाची चकती बसवायची. हवा कमी, जोर कमी. चकती दादानं जातीनं बनवून आणली. या अख्ख्या कामात त्यानं वेळेवर पुरी केलेली ही पहिलीच गोष्ट.

धाकटं पंच्याऐंशीवर आलं. दादानं आणखी बारीक भोकाची चकती आणली. एक्क्याऐंशी.

"हट्टी आहे," मालक म्हणाले, आणि बघितलं मात्र मुलीकडे.

पुढच्या चकतीतून सुईसुद्धा कुरकुरत गेली असती. इंजिन खोकलं, थरथरलं आणि बंद पडलं. दादानं टाळ्या वाजवल्या. "आता कसं शहाण्यासारखं बसलंय!"

 धाकट्याची सगळी करामत इंजिनाच्या वरच्या भागाची, हेडची होती. मुलीनं हवेच्या ये-जा करण्यासाठी दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह दिले होते, दादानं दोन. 'दोन पुरतात' हे त्याचं संपूर्ण संशोधन. त्या हेडपायी तिनं सुट्ट्या घालवल्या होत्या, एक ठरलेलं लग्नसुद्धा. लग्नाचं तिला विशेष वाटत नव्हतं.

"धाकट्याचा गळा कशाला आवळता?" ती म्हणाली. "माझ्यासारखंच हेड थोरल्यालाही घडवून बसवा. आरामात एकशेदहा देईल. त्याचा मान राहील, माझं नव्वद राहील."

मालकांचा चेहरा उजळला. पोरगी अखेर घरच्यासारखी बोलत होती.

"बसवूया की," ते म्हणाले. "पण दोघांना एकदम नवं? एवढे लाड नकोत. आहे ते नवं आधी थोरल्याला. त्याचं उतरलेलं धाकट्याला."

"म्हणजे दादाचं दोन व्हॉल्व्हवालं हेड माझ्या इंजिनाला?"

"जपून वापरलंय मी," दादा मोठ्या मनानं म्हणाला.

"आणि माझं?"

"येईल ना पुढच्या मॉडेलला," मालक म्हणाले. "त्याचं वापरून झालं की तुझ्याकडेच येणार. आजवर कधी चुकलंय?"

चुकलं नव्हतं, हे मात्र खरं. स्वेटर, सायकल, बूट, सगळं तिच्यापर्यंत पोहोचलं होतं. कंपासपेटी तर टोक मोडलेल्या कंपाससकट आली होती. त्याच कंपासनं वर्तुळं काढत ती इंजिनिअर झाली आणि दादा, नवी पेटी घेऊन, तिचा वरिष्ठ.

मेकॅनिकनं पाना उचलला. मालकांनी मान डोलावली. धाकट्याचा पहिला बोल्ट सैल झाला.

तिनं अंगातला कंपनीचा कोट काढला. खिशातून पेन तेवढं घेतलं.

"मी समोरच्या कारखान्यात जातेय, बाबा. कधीपासून बोलावतायत. उद्यापासून तिथंच."

"अगं, पण तुझी जागा कोण सांभाळणार?"

तिनं कोटाची नीट घडी घातली आणि दादाच्या हातात ठेवली.

"घे, दादा. माझं वापरून झालंय."