पैलवानाचं काळीज

“घे तुझं काळीज. जपून वापर,” म्हणत कंडक्टरने खिडकीतून पाकीट आत सरकवलं.

ड्रायव्हर सकाळच्या पहिल्या फेरीसाठी सीटवर बसून आरसा पुसत होता. त्याने फडकं मांडीवर टाकलं आणि पाकीट फोडलं. वर त्याचं नाव, त्याचा बिल्ला नंबर, वय शेहेचाळीस. खाली बाकी सगळं कंडक्टरचं. कंडक्टरला डेपोत पैलवान म्हणत, आणि डेपोत हृदय तपासायला आलेल्या डॉक्टरांच्या माणसांना बिल्ल्यापलीकडे कोणाच्या तोंडाकडे बघायला सवड नव्हती.

“सोमवारी माझ्या नावाने पळालो, मंगळवारी तुझ्या,” पैलवान म्हणाला. “त्या सरकत्या पट्ट्यावर पळून पायांचे तुकडे पडले. दोन्ही हातांना भोकं. एवढा मोठा बाप्या आणि सुईला घाबरतोस. वहिनींना सांगू का?”

“सांग. ती तुझीच कानउघाडणी करेल.”

पैलवान हसत फेरीच्या कागदावर सही घ्यायला ऑफिसकडे गेला. सुईच्या भीतीची थाप त्याने लगेच खरी मानली होती. अशा सरळ माणसाला फसवायला काहीच लागत नाही, आणि ड्रायव्हरला त्याचीच लाज वाटत होती.

त्याने रिपोर्ट वाचला. ठोके नियमित. धावताना त्रास नाही. कोलेस्टेरॉल प्रमाणात. शेवटी डॉक्टरांचा शेरा, हृदय उत्तम. वाचता वाचता त्याला खरंच बरं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना तर हे हृदय आपलं नव्हे, याची स्वतःला आठवण करून द्यावी लागली.

फोन वाजला. एचआयव्हीच्या दवाखान्यातल्या सिस्टर होत्या. तेरा वर्षं तो त्यांच्याकडून गोळ्या नेत होता, आणि डेपोत याचा कोणाला पत्ता नव्हता. इथे रक्त द्यायचं म्हणजे ते गुपित साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायचं, मग स्टिअरिंग गेलंच. बाहेर तपासणी करायची तर रजा, रजेला कारण, कारणाला कागद. त्याने खिडकीची काच ओढून घेतली.

“दादा, हृदयाची तपासणी केलीत का? की याही महिन्यात टोलवाटोलवी?”

“केली, सिस्टर. डेपोतच होती. रिपोर्ट हातात आहे.”

“वाचा बघू.”

त्याने एकेक ओळ वाचली. आवाज कुठेही अडखळला नाही.

“सुटले बाई,” सिस्टर म्हणाल्या. “मी उगाच मागे लागत नव्हते हो. तुमचा विषाणू गोळ्यांनी दबलाय, रक्तात सापडतही नाही. पण शरीर काही निर्धास्त होत नाही. ते डोळ्यांत तेल घालून पहारा देत राहतं, वर्षानुवर्षं, आणि त्या धुसफुशीत रक्तवाहिन्यांना आतून सूज येते. त्या हळूहळू अरुंद होतात. विडी नाही, साखर नाही, अशी माणसं पन्नाशीच्या आत गेलेली बघितलीत मी. बरं, तो डावा हात काय म्हणतो?”

“दुखतो अजून. गाडीचा गिअर घट्ट आहे.”

“आणि छातीत?”

परवापासून छातीवर कोणी गुडघा टेकवून बसल्यासारखं होत होतं. पण ते सांगायचं, तर हा कागद कोणाचा हेही सांगावं लागलं असतं.

“छातीत काही नाही.”

“मग हात गिअरनेच दुखत असणार. मलम चोळा जरा. आणि शनिवारी कागद घेऊन या, फाइलला लावते.”

“येतो,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. रिपोर्टची नीट घडी घालून त्याने तो वरच्या खिशात, डाव्या बाजूला ठेवला.

तोवर गाडी भरली होती. मागच्या बाकांवर शाळेची पोरं, पुढे कामावर निघालेल्या बायका, दाराशी काठी घेतलेले एक आजोबा. पैलवान गर्दीतून वाट काढत तिकिटं फाडत होता. सकाळच्या गारठ्यात सगळ्यांनी काचा बंद केल्या होत्या. ड्रायव्हरने आरसा पुसायच्या फडक्याने मानेवरचा घाम टिपला. टिपला तेवढाच पुन्हा आला.

आरशात पैलवान दिसला. आजोबांना दंडाला धरून तो सीटवर बसवत होता.

“त्रेचाळीस झाले,” तो मागून ओरडला. “चला, उत्तम हृदयवाले, काढा गाडी.”

घंटी दोनदा वाजली. ड्रायव्हरने क्लच दाबला. डावा हात मांडीवरून उठेना. त्याने तो उजव्या हाताने उचलला आणि गिअरवर ठेवला.