टाकीवरचा काटा

टाकीवरचा लाल काटा वर सरकू लागला तेव्हा चेअरमन गहिनीनाथ यांचं भाषण चालू होतं. सगळ्यांत आधी तो छबुबाईला दिसला. रिकामा हंडा मांडीशी घेऊन ती पुढेच बसली होती. तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं, आणि हळूहळू सगळ्या माना टाकीकडं वळल्या.

चकलांब्याच्या पलीकडची ती वाडी या एकाच टाकीवर जगत होती. टाकी पाणीपुरवठा सहकारी संस्थेची, आणि संस्था गहिनीनाथ यांच्या हातातली. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. विहिरीतून उपसलेलं पाणी टाकीत यायचं, तिथून नळांना. पण रांगेतल्या शेवटच्या बायांची पाळी येईतो नळ फुसफुसायला लागायचे. दुष्काळ आहे, असं म्हणून त्या परत फिरायच्या.

काटा नववीतल्या दोन मुलींनी बनवला होता. एक चेअरमनची तुळजा, दुसरी सायकलवाल्या रहमतुल्लाची अंजुम. शाळेत प्रत्येकाला स्वतःच्या हातानं काहीतरी चालतं यंत्र करायचं होतं. उत्तरेश्वर सरांनी छोटी क्रेन सुचवली होती. तुळजा टाकीवर अडून बसली. मुलींनी तेलाचा रिकामा डबा बूच घट्ट बसवून टाकीत तरंगत सोडला. डब्याला बांधलेली दोरी टाकीच्या काठावर बसवलेल्या कप्प्यांच्या चाकांवरून बाहेर काढली. बाहेरच्या टोकाला वजन, आणि वजनावर पत्र्याचा लाल काटा. दोरी सारखी निसटायची. अंजुमनं बापाच्या दुकानात बसून कप्प्यांची खाच कानशीनं घासून खोल केली, तेव्हा कुठं ती जागेवर राहिली. काट्यामागच्या फळीवर रेघा मारून झाल्या होत्या. कुठली रेघ म्हणजे किती पाणी, ती अक्षरं काढायची होती, पण चेअरमननी उद्घाटनाची घाई केली. तुळजाला कार्यक्रम नकोच होता. तिचं कुणी ऐकलं नाही.

काटा आणखी एक रेघ चढला. गहिनीनाथ यांनी मागं वळून पाहिलं आणि ते खुशीत हसले. एवढ्या दुष्काळातही आपल्या संस्थेची टाकी भरतेय, स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या, असं ते म्हणाले. टाळ्या त्यांनीच सुरू केल्या. बायांनीही वाजवल्या.

उत्तरेश्वर सरांनी नळांकडं पाहिलं. कार्यक्रमासाठी ते बंद ठेवले होते. सरांच्या ध्यानात आलं, आणि ते जमिनीकडं बघत राहिले. अंजुमला सरांच्याही आधी कळलं होतं. तिनं तुळजाकडं पाहिलं.

चेअरमननी लेकीला पुढं बोलावलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून, टाकी किती भरली ते गावाला सांग, म्हणाले.

तुळजा म्हणाली, "अण्णा, टाकी भरायली न्हाई. पाणी उतरलं की आतला डबा खाली जातो, आन् बाहेरचा काटा वर चढतो. टाकी रिकामी व्हायलीय."

टाळ्या थांबल्या. नळ तर बंद आहेत, असं मागून कुणीतरी म्हणालं. रहमतुल्ला उठून टाकीच्या मागं गेला. तिथं एक जुना पाइप जमिनीत शिरला होता. तो कधीचाच बंद केलाय, असं गावाला सांगितलेलं होतं. रहमतुल्लानं त्यावर तळहात ठेवला. पाइप गार होता आणि आतून थरथरत होता. त्याचं दुसरं टोक रस्त्यापलीकडं, चेअरमनच्या मोसंबीच्या बागेत निघत होतं. बागेतल्या गड्यानं रोजच्या वेळेला पाइपाचा कॉक उघडून पाणी सोडलं होतं. आज कार्यक्रम आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

छबुबाई उठली, रस्ता ओलांडून बागेत गेली आणि पाइपाच्या तोंडाखाली तिनं हंडा धरला. तिच्यामागं बाकीच्या गेल्या. चेअरमनच्या समोरून एकेक हंडा भरून जात राहिला.

संध्याकाळी गहिनीनाथ ताटावर बसले, पण त्यांनी घास उचलला नाही. तुळजाला समोर बसवून, पाइपाचं तुला आधीपासून ठाऊक होतं का, असं त्यांनी विचारलं. तिनं होकारार्थी मान हलवली. आपल्या बागेतलं बोअर हिवाळ्यातच आटलं, तरी झाडं हिरवी कशी, म्हणून ती बघायला गेली होती. तिथं तिला चालू पाइप दिसला होता.

"मग चारचौघांत कशापायी बोललीस?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"तुमी लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या, म्हणून बोलावं लागलं," तुळजा म्हणाली. "त्यो काटा गावासाठी बसविलाच न्हवता, अण्णा. तुमी रोज तिथून जाता. टाकी उतरायलेली तुमालाच दिसंल आन् तुमीच कॉक बंद करताल, आसं वाटलतं."